शेवटच्या ओळीतलं नाव

१२ ऑक्टोबर, सानगडी

डिंपलने मोबाईल माझ्या कानाला लावला तेव्हा मी भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होतो. "बाबा, हे ऐका ना, आपल्या बोलीत हाये." पोरगी साकोलीच्या कॉलेजात जाते आणि दिवसभर कानात काहीतरी खुपसून असते. त्या रॅप म्हणवणाऱ्या गाण्यांचा मला मनापासून वैताग आहे. चाल नाही, सूर नाही, शेजाऱ्याशी भांडल्यासारखं बोलत सुटायचं. तीस वर्षं दंडार, म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा गाण्या-नाचाचा खेळ, उभी केलेल्या शाहिराच्या पोरीला हे आवडावं, हे माझं नशीब.

पण ऐकलं आणि विळा खाली ठेवला. नागपुरात एकटा भटकणारा कोणी पिंटू नावाचा पोरगा आहे. गोसीखुर्दच्या धरणात त्याचं गाव गेलं. तो म्हणतो:

बर्डी फिरलो, महाल फिरलो, फिरलो इतवारी,
गाव कोन्तं पुसते जो तो, जीभ होते भारी.
झिरो माईलच्या दगडापाशी उभा राह्यलो उन्हात,
साऱ्या गावाचे कोस तेथं, माहं गाव पान्यात.

पोरीला पुन्हा लाव म्हणालो. मग पुन्हा. धान कापायचं राहिलं. संध्याकाळपर्यंत मी त्याला ढोलकीचा ठेका बसवून पाहिला आणि तो असा बसला की अंगावर काटा आला. मधलं एक कडवं पत्ताकोबीच्या पोत्यांचं आहे, ते दंडारीत शोभत नाही, ते गाळलं. बाकी सगळं घेतलं. यंदाच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, हेच गायचं.

२५ ऑक्टोबर

काल आमच्या गावची मंडई झाली. लेकी-जावई, पाहुणे, पोरी पाहायला आलेले वरपक्ष, जिलेबीचे ठेले, सगळं नेहमीप्रमाणे. दुपारी दंडार. दोन जुनी गाणी झाल्यावर मी इश्वरला डोळ्याने खुणावलं आणि त्याने ढोलकीवर नवा ठेका धरला. इश्वर माझा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याला एवढं पुरतं.

माणसं आधी गप्प झाली. मग "पान्यात" या शब्दावर मागून एक म्हातारी हुंदका देऊन रडली. तीन वेळा गाऊन घेतलं लोकांनी.

शेवटच्या ओळीत त्या पोराने आपलं नाव घातलं आहे. "पिंटू म्हने, शहरा तुह्या गल्ल्या मले पाठ, माह्या गावाले जाईन अशी एक बी नाही वाट." दंडारीची रीत अशी की जो गातो त्याचं नाव शेवटी येतं. माझ्या गुरूंनी त्यांच्या गुरूंची गाणी स्वतःच्या नावाने गायली, मी गुरूंची माझ्या नावाने गातो. कोणी कोणावर रागावल्याचं ऐकिवात नाही. म्हणून मी "टिकाराम म्हने" असं म्हटलं. अक्षरं दोन वाढतात, तेवढं "शहरा" घाईत म्हणावं लागतं.

नंतर मोबाईलवर बातम्या देणारा एकजण माईक घेऊन पुढे आला. "शाहीर, किती जुनं आहे हे गाणं?" मी फेटा सावरला आणि म्हणालो, "बाबू, आमची दंडार आजा-पणजापासून चालत आली आहे." यात खोटं काहीच नाही. दंडार खरंच आजा-पणजापासूनची आहे.

डिंपलने सगळं मोबाईलवर उतरवून घेतलं आणि कुठे कुठे पाठवलं.

२८ ऑक्टोबर

साकोलीच्या कृषी केंद्रात मालकाने उठून खुर्ची दिली. औषध घ्यायला आलेले दोघे-तिघे म्हणाले, "हे पाहा, झिरो माईलवाले शाहीर." नागपूर, चंद्रपूर, अगदी पुण्यापर्यंत लोक ते गाणं पाहतात म्हणे. आयुष्यभर गायलो आणि एका गाण्याने आता ओळख मिळाली. घरी येईपर्यंत जमिनीला पाय लागत नव्हते.

कौशल्या गुरांना पेंढी टाकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अजी, पन गानं तं त्या पोट्ट्याचं नाही का?"

"गानं गानाऱ्याचं असते," मी म्हणालो.

तिने पुढे काही विचारलं नाही. बायकोने वाद घातला की बरं असतं, निदान आपण काय बोललो ते तिला पटलं नाही हे कळतं.

३० ऑक्टोबर

आज डिंपल कॉलेजातून आली ती सरळ माझ्याकडे. "बाबा, त्या पिंटूले लोक चोर म्हनून राहिले."

मला आधी समजलंच नाही. तिने मोबाईलवर वाचून दाखवलं. झाडीपट्टीचं जुनं लोकगीत ढापलं, म्हाताऱ्या शाहिराच्या पोटावर पाय दिला, असल्या गोष्टी. नागपुरात रॅपवाल्या पोरांचा मोठा मुकाबला सुरू होता. पिंटू शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता. त्याचं नाव काढून टाकलं. त्याने आपलं खातंही बंद करून टाकलं, डिंपलने निरोप पाठवला तो पोचलाच नाही.

"पन त्यानं तं आपल्या आधी टाकलं होतं ना ते गानं," मी म्हणालो.

"लोक म्हनतात तुमी आजा-पनजापासून गाऊन राहिले. तुमीच बोलले तसं माईकवर."

"मी दंडारीबद्दल बोललो."

"त्यानं गान्याचं पुसलं होतं, बाबा."

पोरीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी तिला रागावू शकलो असतो.

२ नोव्हेंबर

इश्वर म्हणतो, "टिकाभाऊ, आपन का त्याच्या घरात शिरून आनलं? हवेतून आलं, आपन गायलं." अर्धा दिवस मला यानं फार बरं वाटलं. दुपारनंतर ते पुरेना.

आणखी एक लिहायचं आहे, ते दोन दिवस टाळतो आहे. परवा लाखनीकडच्या एका गावात मंडई होती. लोकांनी तेच गाणं मागितलं आणि मी गायलं. सगळं ठाऊक असून गायलं. शेवटी माझं नाव घेतलं. घरी येताना टेंपोत स्वतःला सांगत होतो की सवयीने तोंडात आलं. सवयीने आलं नाही. त्या ओळीच्या आधी मी क्षणभर थांबलो होतो, समोर माणसं वाट पाहत होती, आणि मला माझं नाव ऐकायचं होतं.

एका कोवळ्या पोराच्या तोंडचा घास मी काढला. वरून ढेकरही दिला. नागपूरला जातो. त्याला शोधून काढतो आणि पाय धरावे लागले तर धरतो.

६ नोव्हेंबर, नागपूर

पत्ता नाही, फोन नाही. जवळ फक्त गाणं. म्हटलं, पोरगा जिथे जिथे फिरतो म्हणतो तिथे तिथे आपणही फिरू.

गणेशपेठेच्या स्टँडवर उतरलो आणि पायी बर्डी गाठली. डोक्यावरून मेट्रो जाते, खाली फुटपाथवर मोजे, चष्मे, मोबाईलची कव्हरं. गाणं डोक्यात सुरू होतं आणि पाय आपोआप ठेक्यात पडत होते. मी प्रत्येक ठेल्यावर विचारत गेलो, "पिंटू म्हनून एक पोट्टा हाये, गाने म्हनते." एक चष्मेवाला म्हणाला, "काका, इथं दगड मारला तं पिंटूलेच लागन. कोन्ता पाह्यजे?" तिथून महाल. तिथून इतवारी. किराण्याच्या गल्लीत मिरचीने शिंकून शिंकून जीव गेला.

खरं सांगतो, मला मजा येत होती. अपराध कबूल करायला आलेला माणूस मी, आणि शहर बघत हिंडत होतो. त्या पोराने जे शब्द वापरले ते सगळे जागच्या जागी दिसत होते. गाव विचारलं की जीभ जड होते, ते इतवारीत मला समजलं, कारण एका दुकानदाराने "कहाँ से आए?" विचारलं तेव्हा मी सानगडी न म्हणता भंडारा म्हणालो. आणि याहून वाईट म्हणजे चालता चालता मी त्याची तिसरी ओळ मनात दुरुस्त करत होतो. "उभा राह्यलो" ऐवजी "थबकलो" घातलं तर ठेका अधिक सुटसुटीत होतो. स्वतःचीच लाज वाटली. घर लुटून वर पुन्हा त्याच्या भिंतीला रंग सुचवायचा.

झिरो माईलच्या दगडापाशी, जिथून साऱ्या गावांची अंतरं मोजतात, दुपारी पोचलो. ऊन होतं. दगडावर इंग्रजीत काहीबाही कोरलेलं, मला वाचता येईना. एका कॉलेजच्या पोराला म्हटलं, जरा वाचून दाखव. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "अरे, तुम्ही तेच ना! झिरो माईलवाले शाहीर!" त्याने दगड, मी आणि स्वतः असा फोटो काढला. आणि मी हसलो. छान, दात दाखवून हसलो. तो म्हणाला, "काका, त्या चोराला सोडू नका."

मी "नाही, नाही" एवढंच म्हणालो. त्याला वाटलं असेल, सोडणार नाही म्हणतोय.

तो गेल्यावर तिथेच कट्ट्यावर बसलो. रडू आलं नाही, आलं असतं तर हलकं वाटलं असतं. ज्याचं गाणं घेऊन मी फिरत होतो त्याला शिवी दिली गेली आणि मी फोटो काढून मोकळा झालो.

संध्याकाळी मानेवाड्याला भाची अंजूकडे आलो. पोरीने प्रेमाने चहा दिला, आणि भाजीला पत्ताकोबी चिरायला घेतली. माझ्या हातातला कप तसाच राहिला. दिवसभर मी माझ्या दंडारीतलं गाणं म्हणत फिरलो होतो. गाळलेलं कडवं मी विसरूनच गेलो होतो:

सकाळी डोक्यावर कोबीचे पोते, दुपारी सारं शहर माहं होते.
खांद्याची साल अन् कपाळाचा घाम,
मायले सांगतो फोनवर, मस्त सुरू हाये काम.

"अंजू," मी विचारलं, "भाजीपाल्याचे पोते कुठं उतरते व, नागपुरात?"

"कॉटन मार्केटले," ती म्हणाली.

७ नोव्हेंबर, नागपूर

सापडला. उजाडता उजाडता कॉटन मार्केट गाठलं. कोबीच्या ट्रकापाशी पाच-सहा जण पोती उतरवत होते. मी नुसतं "पिंटू" म्हणालो तर एकाने मान वळवली. बारीक अंगाचा, बावीस-तेवीसचा. मला बघताच त्याने पोतं खाली ठेवलं. "शाहीरकाका," म्हणाला आणि वाकून पाया पडला. पाय धरायला मी आलो होतो!

मी काय काय पाठ करून नेलं होतं, एकही वाक्य आठवेना. तो मला लोहापुलाकडे एका गाडीवर घेऊन गेला, तर्रीपोहे मागवले. म्हणाला, आधी खा. मी खाल्ले. तिखटाने नाक वाहायला लागलं ते एका अर्थी बरं झालं.

"बेटा, माझ्या हातून वाईट झालं," मी म्हणालो. "पन आमची रीत हाये. जो गाते त्याचं नाव..."

"रीत मले मालूम हाये, काका. म्हनूनच तं मी माहं नाव शेवटी टाकलं होतं. आमच्या जुन्या गावच्या मंडईत तुमचीच दंडार यायची. आज्याच्या खांद्यावर बसून पाह्यली मी. मोबाईलवरचे पोट्टे पहिल्याच ओळीत नाव ठोकतात. मले वाटलं, आपल्याकडच्यासारखं शेवटी टाकू."

मी उरलेले पोहे चमच्याने गोळा केले.

तो रागावलेला दिसत नव्हता. मुकाबल्याचं विचारलं तर खांदे उडवले. "गेला तो. दुसऱ्याले घेतलं." मग थोड्या वेळाने, "कोबीचं कडवं काहून गाळलं, काका?"

"दंडारीत बसत नव्हतं."

"तेच तं गानं होतं," तो म्हणाला. "बाकी तं मी फिरून राहिलो तेवढंच हाये."

मी म्हणालो, मोबाईलवर सगळ्यांसमोर सांगतो की गाणं तुझं आहे, हवं तर इथेच उभा राहून सांगतो. तो म्हणाला सांगा, पण एक करा. पूर्ण नाव नको, गाव नको. त्याची आई कुंताबाई गोसीखुर्दच्या पुनर्वसनात एकटी राहते. तिला त्याने सांगितलं आहे की कंपनीत आहे, पंख्याखाली बसून काम करतो. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, गाणं तिने अजून ऐकलेलं नाही.

"मायले मालूम नको पडू देजा. शपथ घ्या."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली, त्याचा नंबर लिहून घेतला. एवढं तरी मला नक्की पाळता येईल.

९ नोव्हेंबर, सानगडी

डिंपलने अंगणात उभं करून माझा व्हिडिओ काढला. मी फेटा बांधला. फेट्याशिवाय मला कोण ओळखणार? पहिल्यांदा बोललो ते डिंपलला ऐकू आलं नाही नीट. दुसऱ्यांदा मधेच कोंबडं आरवलं. तिसऱ्यांदा मी हात जोडले, आवाज थोडा कापरा केला आणि म्हणालो, "हे गाणं नागपूरच्या पिंटूचं आहे. माझं नाही. त्याला चोर म्हणू नका. चोर मी आहे."

डिंपलने मोबाईल खाली केला. "बाबा, तुमी दंडार करून राहिले."

"मनापासून बोललो, पोरी."

"मालूम हाये. पन दिसून तसंच राहिलं."

पुन्हा काढायचा का, विचारलं. ती म्हणाली, आता कितीही वेळा काढला तरी तसाच निघेल. तोच पाठवला.

१२ नोव्हेंबर

लोक लिहितात की शाहिराला धमकावलं. काकांच्या डोळ्यांत भीती स्पष्ट दिसते. हात जोडायला लावले बिचाऱ्याला. काहींनी तर पिंटूला शोधून काढून झोडपण्याची भाषा केली आहे.

मी काल पिंटूला फोन केला. मागे ट्रकांचा आवाज होता. "राहू द्या आता, काका," तो म्हणाला. "तुमीच गा. तुमच्या नावानं गा. मले नको ते गानं."

मला ते गाणं हवं होतं. पहिल्या दिवशी धुऱ्यावर बसून ऐकलं तेव्हापासून हवं होतं. आता त्याने देऊन टाकलं तर ते घशातून बाहेर पडत नाही. कालपासून दोन वेळा प्रयत्न केला.

१५ नोव्हेंबर

आज दोन माणसं मोटारसायकलवर निमंत्रण घेऊन आली. गोसीखुर्दच्या पुनर्वसनातून. त्यांची मंडई यंदा उशिरा ठेवली आहे, दंडार तुमचीच पाहिजे म्हणाले, आणि ते आमच्यासारख्या बुडालेल्या गावाचं गाणं झालंच पाहिजे. गावाचं नाव मी दोनदा विचारून घेतलं. पिंटूचंच गाव.

नाही म्हणालो. अंग दुखतंय, धान चुरायचं आहे, मळणी बाकी आहे. इश्वर माझ्याकडे बघत राहिला, कारण धान तोच चुरून गेला होता.

ते गेल्यावर पिंटूला फोन करून सांगितलं. वाटलं, बरं झालं म्हणेल. तो म्हणाला, "जा, काका. मायले गानं आयकू द्या. तिनं गाव सोडल्यापासून मंडईत पाय नाही टाकला. फक्त माहं नाव नका घेजा."

२० नोव्हेंबर

पुनर्वसनाचं गाव सरळ रेघेत आखलेलं आहे. रस्ते सरळ, घरं सारखी, झाडं अजून लहान. मंडप शाळेसमोर होता. दंडार सुरू झाली तेव्हा पहिल्या ओळीत म्हाताऱ्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांतली कुंताबाई कोणती, ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मनाशी ठरवलं होतं. कोबीचं कडवं गायचं, आणि शेवटच्या ओळीत कोणाचंच नाव घ्यायचं नाही. जागा रिकामी सोडायची.

कडवं गायलो. इतक्या वर्षांत असं एखादंच गाणं माझ्या तोंडून गेलं असेल. "मायले सांगतो फोनवर" इथे माणसं हलायची थांबली. मग शेवटची ओळ आली. मी तोंड मिटलं. इश्वरने ढोलकी चालू ठेवली, त्याला सांगून ठेवलं होतं. एक क्षण नुसता ठेका वाजला, आणि मग मागच्या पोराटोरांनी, ज्यांना हे सगळं मोबाईलवरून पाठ आहे, एका आवाजात म्हटलं, "टिकाराम म्हने!" सगळा मंडप हसला, टाळ्या पडल्या, आणि पुढची ओळ मला गावीच लागली.

नंतर सत्कार झाला. गावातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातून शाल द्यायची म्हणून एकीला वर बोलावलं. "कुंताबाई, या." उंच, वाळलेली बाई. तिने मला ओवाळलं, शाल पांघरवली.

"शाहीर, कोबीचं कडवं मोबाईलवाल्या पोट्ट्याइच्या तोंडी नाही आलं कधी," ती म्हणाली.

"नवीन जोडलं, बाई." झालं, आणखी एक खोटं.

"तो पोट्टा खरंच हाये का, पोते उचलनारा?"

शपथ आठवली. "हाये एक. ओळखीचा."

तिने माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "माहा पोरगा बी नागपुरात राहते. कंपनीत हाये. पंख्याखाली बसते." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी शालीच्या काठाकडे बघितलं. "चांगलं हाये," म्हणालो.

आम्ही टेंपोत सामान चढवत होतो तेव्हा ती पुन्हा आली, हातात फडक्याची पोटली. आत करंज्या आणि पोह्याचा चिवडा, आणि वर खोबरेल तेलाची बाटली. "हे त्या गान्यातल्या पोट्ट्याले देजा. पोत्यानं खांदा सोलून निघते, त्याले तेल लावत जाय म्हना. अन् म्हना, पोते उचलल्यानं मायले लाज नाही वाटत. कोनाच्याच मायले नाही वाटत." मग विचारलं, "सकाळी किती वाजेपासून राहते तो मार्केटात?"

"उजाडता," मी म्हणालो.

भोळी बाई. स्वतःचा पोरगा तिथेच आहे हे तिला ठाऊक नाही, आणि गाण्यातल्या परक्या पोराला फराळ पाठवते. टेंपोत बसल्यावर मला एवढंच समाधान होतं की आयुष्यात एक शपथ तरी मी पुरी पाळली. पण दुसरं मन लगेच विचारायला लागलं की गप्प राहिलो ते शपथेसाठी, की अंगावरची शाल काढून द्यावी लागली असती म्हणून? दोन्ही खरं आहे. कोणतं किती, ते मला सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी पिंटूला फोन केला. म्हणालो, काळजी करू नकोस, तुझ्या आईने ओळखलं नाही. मी एक अक्षर सांगितलं नाही. मग हसत हसत त्याला पोटलीचं सांगितलं. करंज्या, चिवडा, खोबरेल. आणि तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला, कारण निरोप सांगताना शब्द बदलू नये.

मी "हॅलो, हॅलो" केलं. मागे ट्रक वाजत होते. मग त्याने विचारलं, "तिनं टाईम काहून पुसला, काका?"

"काय मालूम? बोलायचं म्हनून बोलली."

मग नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि फोन कापला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मला वाईट वाटलं, पण त्याचा दोष नाही. माझा आवाज ऐकला की त्याला मुकाबला आठवत असणार, ती शिवीगाळ आठवत असणार. आपण त्याच्या डोळ्यांसमोर न जाणंच बरं. पोटली उद्या इश्वरच्या हाती नागपूरला पाठवतो. आज सकाळीच इश्वर गेला असता तर तिथे कुंताबाईही त्याला भेटली असती, कारण आत्ताच तिच्या गावच्या एकाचा फोन आला होता, ती बाई पहाटेच्या गाडीने नागपूरला गेली म्हणे. म्हातारपणी कशाला एवढा प्रवास करतात कोण जाणे. दवाखाना असेल.

कौशल्या म्हणाली, शालही पोटलीत घाला, ती त्याचीच आहे. तिचं खरं आहे. शाल त्याचीच आहे, उद्या ती जाईलच. आज सकाळपासून गारठा फार आहे, म्हणून लिहिण्यापुरती अंगावर घेतली आहे.